कोकणात डीजेसाठी सीडी डेक घेताना: लेन्स, बटणं, व्होल्टेज आणि पावसाळा

पायोनियरने २०२० मध्ये सीडीजे-३००० हा डीजेचा डेक (गाणी वाजवायचं यंत्र) आणला तेव्हा त्यात सीडी घालायची फटच ठेवली नाही. त्याआधीचा, २०१६ चा सीडीजे-२००० नेक्सस-२ हा त्या मालिकेतला सीडी वाजवणारा शेवटचा मोठा डेक. त्यामुळे आता सीडी डेक घ्यायचा म्हणजे जवळजवळ नेहमी वापरलेलाच घ्यायचा. वापरलेल्या डेकचं मॉडेल कुठलं यापेक्षा त्याची लेन्स कशी आहे, बटणं किती झिजली आहेत आणि तो कुठल्या हवेत पडून होता, याला जास्त किंमत आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाऱ्या, दमट हवेत तर ही तपासणी टाळून चालतच नाही. घाटावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला डेक इथे आणून एक पावसाळा कपाटात बंद ठेवला, तर गणपतीत बाहेर काढताना तो सीडी ओळखेलच याची खात्री नाही.

कुठला डेक घ्यावा

आमचं मत स्पष्ट आहे: सीडी आणि यूएसबी दोन्ही वाजवणारा डेक घ्या, आणि एकाच मॉडेलचे दोन घ्या. सीडी डेकमध्ये सगळ्यात आधी दमते ती लेन्स. हळदीच्या कार्यक्रमात रात्री साडेआठला लेन्स रुसली, तर यूएसबीवर काम पुढे चालू राहतं. नुसत्या सीडीवर चालणारा डेक मात्र तिथेच थांबतो. एकाच मॉडेलचे दोन असले की पिच फेडरचा (गाण्याचा वेग बदलायच्या सरकत्या पट्टीचा) हात एकच बसतो, आणि एक कायमचा गेला तर त्याची बटणं, फेडर, जॉगचे (हाताने फिरवायच्या मोठ्या चकतीचे) भाग दुसऱ्याला उपयोगी पडतात.

पायोनियरच्या जुन्या डेकमध्ये काय वाजतं ते नीट समजून घ्या, कारण विकणारा "सगळं वाजतं" एवढंच सांगतो. सीडीजे-१००एस, पहिला सीडीजे-८००, २००१ चा पहिला सीडीजे-१००० आणि त्याचा एमके-२ हे फक्त ऑडिओ सीडी वाजवतात. एमपी३ भरलेली सीडी त्यांना कळत नाही. २००६ चा सीडीजे-१००० एमके-३ आणि सीडीजे-८०० एमके-२ एमपी३ सीडी वाजवतात, पण यूएसबी त्यांनाही नाही. यूएसबी आणि सीडी दोन्ही हवं तर सीडीजे-४००, ३५०, ८५०, ९००, २००० आणि पुढचे नेक्सस बघा. यातले ९०० आणि २००० लॅन केबलने एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे एकच पेनड्राइव्ह दोन्ही डेकवर वाजतो. ३५० आणि ८५० मध्ये ती सोय नाही, म्हणजे दोन पेनड्राइव्ह लागतात. फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फाइल वाजवायच्या असतील तर सीडीच्या डेकमध्ये नेक्सस-२ पर्यंत जावं लागतं.

लग्नं, हळदी, वरात आणि गावच्या जत्रा एवढंच काम असेल, तर चांगल्या स्थितीतले दोन ८५० किंवा ९०० पुरेसे आहेत. दमलेल्या २००० पेक्षा धडधाकट ८५० केव्हाही बरा. रिसॉर्टच्या पार्ट्यांसाठी बाहेरून डीजे येणार असतील तर मात्र ते २००० किंवा नेक्ससचीच अपेक्षा ठेवतात.

डेनॉनचा डीएन-डी४५०० हा रॅकमध्ये बसणारा जोड-डेक अजून बऱ्याच जणांकडे आहे. त्याचा सीडीचा भाग वेगळा आणि बटणांचा भाग वेगळा, मधे केबल. डीजेच्या गाडीत सीडीचा भाग फोमवर, स्पीकरपासून लांब ठेवता येतो हा त्याचा मोठा फायदा. यूएसबी हवी तर त्याचा एमके-२ शोधा. त्याचे ट्रे उघडबंद करून बघा. ट्रे अडखळत असेल तर आतला रबराचा पट्टा सैल झालेला असतो. ते काम छोटं आहे, त्यासाठी डेक नाकारू नका.

बघायला जाताना काय न्यावं

कंपनीची छापील सीडी, स्वतः राइट केलेली आणि ७५ मिनिटांच्या पुढे भरलेली सीडी, दोन्हींच्या आणखी एकेक प्रती, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, मल्टिमीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर. सीडीजेला हेडफोनचं सॉकेट नसतं, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून आरसीए केबल आणि एखादा छोटा चालू स्पीकर किंवा मिक्सर बरोबर न्या. नाहीतर नुसते डिस्प्लेवरचे आकडे बघून परत यावं लागेल. पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचाच बरा: विंडोजवर तो सरळ फॅट३२ होतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह या पिढीतले डेक ओळखत नाहीत, आणि मग डेकमध्ये दोष नसताना तो खराब ठरतो.

डेक प्लगला लावण्याआधी मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचा. जपानहून आलेल्या डेकवर १०० व्होल्ट आणि अमेरिकेहून आलेल्यावर १२० व्होल्ट लिहिलेलं असू शकतं. असा डेक आपल्या २३० व्होल्टवर लावला की पॉवर सप्लाय त्याच क्षणी जातो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो चालेल, पण मंडपात कुणीतरी घाईत सरळ बोर्डात लावतोच. आम्ही असा डेक घेऊ नका असंच सांगू.

आधी बाहेरून

डेक उलटा करा आणि तळाचे स्क्रू बघा. स्क्रूच्या डोक्यावर गंज असेल तर आतल्या पट्टीच्या केबलींच्या टोकांवरही मीठ-पाणी बसलेलं असतं. आरसीए सॉकेटच्या कड्यांवर हिरवी किंवा पांढरी पूड दिसली तरी अर्थ तोच. स्क्रूच्या खाचा घसरलेल्या असतील तर डेक आधी कुणीतरी उघडला आहे: का उघडला ते विचारा. मग टॉर्च मारून सीडीची फट बघा. फटीच्या कापडी ओठांवर लाल मातीचा थर असेल तर तो डेक जांभ्याच्या रस्त्यांवरून उघड्या टेम्पोत हिंडलेला आहे. हळूच तिरका करून कान लावा. किनाऱ्यावरच्या लग्नांत वापरलेल्या डेकमध्ये वाळू सरकल्याचा आवाज येतो, आणि वाळू गेलेल्या डेकमध्ये लेन्स सरकवणारी गिअरची पट्टी खराब होते. मुंग्या हा आपल्याकडचा आणखी एक नेहमीचा प्रकार: आतल्या उबेला त्या अंडी घालतात आणि सर्किटवर आम्ल सोडतात. हवेच्या फटींतून टॉर्च मारला की पांढरे ठिपके दिसतात.

विकणारा कोण आहे यावरही कुठे जास्त बारकाईने बघायचं ते ठरतं. क्लबमधून निघालेल्या ९०० किंवा २००० वर बहुतेक वर्षं पेनड्राइव्हच चाललेले असतात. त्यामुळे तिथे लेन्स अनेकदा ताजी असते, पण प्ले आणि क्यूची (खूण केलेल्या जागेवरून गाणं सुरू करायची) बटणं आणि पिच फेडर पार झिजलेले असतात. घरी हौसेने घेतलेल्या डेकचं उलट असतं: बटणं नव्यासारखी, पण वर्षभर बंद राहिल्याने लेन्सवर बुरशी आणि वंगण सुकलेलं.

लेन्सची परीक्षा

इथे वेळ घालवा. घाईचं कारण विकणाऱ्याला असेल, तुम्हाला नाही.

डेक थंड असताना छापील सीडी घाला आणि गाण्यांची संख्या दिसेपर्यंत कान देऊन ऐका. चांगला डेक एका दमात फिरतो, दहाएक सेकंदांत सीडी वाचतो. सीडी फिरून थांबली, पुन्हा फिरली, पुन्हा थांबली, तर लेन्स मळलेली किंवा दमलेली आहे. मग राइट केलेली सीडी घाला. छापील सीडी पडलेल्या प्रकाशातला ७० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते, एकदाच राइट होणारी सीडी-आर त्याहून थोडा कमी, आणि पुन्हा पुन्हा राइट होणारी सीडी-आरडब्ल्यू तर १५ ते २५ टक्केच. म्हणून छापील वाजते पण राइट केलेली अडते, हे लेसर मंदावल्याचं पहिलं लक्षण. छापील सीडीच वाजवून दाखवणाऱ्याकडून डेक घेऊ नका.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. एकपट वेगाला आतल्या गाण्यांसाठी चकती मिनिटाला सुमारे ५०० वेळा फिरते, बाहेरच्या कडेला सुमारे २०० वेळा. यातून दोष ओळखता येतो. पहिली गाणी अडतात आणि शेवटची बरी वाजतात, तर सीडी फिरवणारी मोटर दमली आहे. पहिली बरी आणि शेवटची उड्या मारतात, तर लेन्सची गाडी बाहेरपर्यंत नीट सरकत नाही: वंगण सुकलंय किंवा कचरा आहे. पहिल्या दुखण्यावर मोटर बदलावी लागते, दुसऱ्यावर सफाई आणि नवं वंगण पुरतं. म्हणूनच भरलेली सीडी न्यायची. पाच गाण्यांच्या सीडीवर बाहेरची कड तपासलीच जात नाही.

आता सीडी लावून डेक दीड तास वाजत ठेवा, पंखा बंद करून. लेसर डायोड गरम झाला की त्याला जास्त करंट लागतो. त्यामुळे दमलेली लेन्स पहिली वीस मिनिटं छान चालते आणि भर कार्यक्रमात, मंडपातल्या उकाड्यात दगा देते. तासाभरानंतर सीडी काढून पुन्हा घाला. गरम असतानाही ती पहिल्याइतक्याच वेळात वाचली गेली पाहिजे.

पायोनियरच्या बऱ्याच डेकवर चूक आली की कोड येतो. ई-७२०१ म्हणजे सीडीच्या सुरुवातीची यादी वाचता आली नाही. ती वेळ वाईट सीडीमुळेही येते, म्हणून दुसरी सीडी घालून बघा. ई-९१०१ म्हणजे आतली यंत्रणा ठरलेल्या वेळात काम पुरं करू शकली नाही. सीडी आत-बाहेर करताना हा कोड पुन्हा पुन्हा आला तर तो डेक घेऊ नका.

एक फसवणूक जाणून घ्या. लेन्सच्या युनिटवर एक बारीक प्रीसेट (स्क्रूसारखा फिरवायचा भाग) असतो. तो थोडा फिरवला की लेसरचा करंट वाढतो आणि मेलेली लेन्स काही दिवस पुन्हा वाजू लागते, मग डायोड जळतो. आतून बघू दिलं तर प्रीसेटवरचा कंपनीचा रंगाचा ठिपका तुटलाय का ते बघा. "नुकतीच लेन्सची सर्व्हिस केली" असं ऐकलं की हे आधी तपासा.

बटणं, फेडर, जॉग

एखाद्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यावर क्यू लावा आणि क्यूचं बटण तीस वेळा दाबा, हळू आणि जोरात दोन्ही. दर दाबाला एकच ठोका यायला हवा. कधी दोन आले, कधी आलाच नाही, तर आतला छोटा स्विच झिजलाय. स्विच स्वस्त आहे, सोल्डरिंग येणारा कुणीही कारागीर बदलेल, फक्त त्याच उंचीचा आणायला सांगा. उंची चुकली तर वरचं बटण अर्धवट दाबलेलं राहतं. प्लेच्या बटणालाही हीच परीक्षा.

पिचसाठी दोन्ही डेकवर एकच गाणं, एकच आवृत्ती, टेम्पो रिसेट (गाणं मूळ वेगावर आणणारं बटण) चालू करून एकाच वेळी सुरू करा आणि जॉगने अगदी जुळवा. आवाज पोकळ होतो, जणू नळीतून येतोय. पाच मिनिटं तो तसाच राहिला पाहिजे. ठोके हळूहळू सुटे व्हायला लागले तर एक डेक वेग राखत नाही. मग रिसेट बंद करा, फेडर बरोबर मध्यावर आणा: ०.०० दिसायला हवं. फेडर साधारण +३ वर ठेवून हात काढा आणि आकड्याकडे बघत राहा. ±६ च्या पट्ट्यात सीडीजे-१००० आणि २००० वर आकडा ०.०२ च्या टप्प्याने बदलतो. हात न लावता तो थरथरत असेल तर फेडर मळलाय. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो कधी सुधारतो, कधी बदलावा लागतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे फेडरमध्ये मारू नका: त्या तेलावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात फेडर आधीपेक्षा वाईट होतो.

जॉगची चकती घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ अशा चारही बाजूंना हलकेच दाबा. गाणं लगेच थांबायला हवं आणि बोट उचलताच सुरू व्हायला हवं. एका बाजूला जोर लावावा लागला तर आतली शीट गेली. शेवटी आरसीएच्या पिना आणि पेनड्राइव्ह जागेवर थोडे हलवून बघा, खरखर किंवा बंद-चालू नको. २००० आणि ९०० वर मेनू-युटिलिटीचं बटण दाबून धरलं की फर्मवेअरची (डेकच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती दिसते. दोन्ही डेकवर ती एकच करून घ्या, म्हणजे लॅनच्या जोडणीत अडचण येत नाही.

लेन्स दमलेली निघाली आणि बाकी सगळं उत्तम असेल तर सौदा मोडायची गरज नाही. आधी त्या मॉडेलची लेन्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या कारागिराकडे मिळते का ते विचारा. मिळत असेल तर लेन्स आणि मजुरी किमतीतून वजा करा. मिळत नसेल तर तो डेक फक्त यूएसबीचा समजून पैसे द्या.

मंडपातली वीज

इथे डेक मरतात, आणि दोष मात्र डेकला मिळतो. वाडीच्या टोकाला लाइटिंग आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच लाइनवर आले की दर बासच्या ठोक्याला व्होल्टेज खाली जातं. डेक लावण्याआधी बोर्डात मल्टिमीटर घाला: २१० ते २४५ च्या मध्ये असेल तर ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही साधारण तेवढंच यायला हवं. तिथे काहीच आलं नाही तर अर्थिंगच नाही. मिक्सरला हात लावताच झिणझिण्या येतात त्या यामुळेच.

थ्री फेज जनरेटरवर न्यूट्रल सैल झाला तर ज्या फेजवर लोड कमी, त्या फेजचं व्होल्टेज ३०० च्याही वर जाऊ शकतं. डेक आणि मिक्सरची लाइन नेमकी कमी लोडची असते. १८० च्या खाली आणि २६० च्या वर लाइन तोडणारा कटऑफ डेकच्या बोर्डाला लावा, आणि जनरेटरवाल्याकडून न्यूट्रलचा नट आपल्यासमोर आवळून घ्या. एक डेक ४० वॅटपेक्षा जास्त घेत नाही, त्यामुळे दोन डेक आणि मिक्सरला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. त्यावर दुसरं काही लावू देऊ नका.

सीडी राइट करताना

८० मिनिटांची, ७०० एमबीची सीडी-आर घ्या, आरडब्ल्यू नको. १६ पटीच्या आसपासच्या वेगाने राइट करा, एकाच बैठकीत, शेवटी फायनलाइझ करून. ऑडिओ सीडी करत असाल तर 'डिस्क अ‍ॅट वन्स' निवडा, म्हणजे गाण्यांच्या मधे दोन सेकंदांची पोकळी येत नाही. वर कागदी लेबल चिकटवू नका. दमट हवेत त्याची कड सुटते आणि फटीच्या आत अडकते. सीडीही बुरशीपासून सुटत नाही: बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या उष्ण, दमट देशातल्या एका सीडीचा अ‍ॅल्युमिनियमचा थर बुरशीने खाल्ल्याचं स्पेनच्या संशोधकांनी २००१ मध्ये नोंदवलं होतं. आपली हवा त्याहून फार वेगळी नाही. प्रत्येक सीडीची दुसरी प्रत ठेवा.

पावसाळ्यात आणि प्रवासात

जून ते सप्टेंबर डेक आठवड्यातून एकदा तासभर सीडी लावून चालवा. आतल्या उबेने ओल निघते आणि लेन्सची गाडी सरकत राहिल्याने वंगण जागेवर घट्ट होत नाही. नंतर अर्धा तास उघडा थंड होऊ द्या, मग झाकणाच्या पेटीत अर्धा किलो सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. फ्लाइट केसचा फोम ओल धरून ठेवतो, म्हणून उघडीप मिळेल तेव्हा केस उन्हात टाका, डेक नाही.

एसी हॉलमधून किंवा एसी गाडीतून डेक बाहेरच्या दमट हवेत आणला की लेन्सवर दव बसतं आणि तो सीडी ओळखत नाही. चालू करून पाऊण ते एक तास तसाच ठेवा, दव आपोआप उडतं. या वेळात कुणालाही तो उघडू देऊ नका. ब्रश असलेली लेन्स साफ करायची सीडी फटीच्या डेकमध्ये घालू नका, ब्रश लेन्सला ओढतो. साफ करायचीच असेल तर डेक उघडून, ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला जेमतेम लावून, लेन्सवर भार न देता एकदा फिरवा. लेन्स स्प्रिंगसारख्या बारीक तारांवर तरंगते, दाबली की तारा वाकतात आणि मग नवीच घ्यावी लागते.

चालत्या टेम्पोत वरात वाजवायची तर पेनड्राइव्हवरच वाजवा. डेकला थोडे हादरे सोसतात, कारण तो गाण्याचा पुढचा थोडा भाग आधीच मेमरीत घेऊन ठेवतो, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर ती शिल्लक संपते. गाडी निघण्याआधी दोन्ही डेकमधून सीडी काढल्याची खात्री करा. आत राहिलेली सीडी प्रवासात जागेवरून सुटते, ओरखडे पडतात, आणि पोचल्यावर ती बाहेर येत नाही. तसं झालंच तर डेक बंद करा, सीडी फिरायची थांबू द्या, आणि फटीजवळच्या बारीक भोकात सरळ केलेली जाड पिन आडवी, सरळ आत ढकला. सीडीची कड बाहेर आली की हाताने ओढा, चिमट्याने नाही.